उसनं घेतलेलं शरीर: मार्शल आर्ट्सच्या वर्गात चारित्र्य कसं घडवायचं

कराटे, ज्युदो, तायक्वांदो, कुठल्याही क्लासचं माहितीपत्रक उघडा. शिस्त, संयम, आत्मविश्वास, चारित्र्य हे शब्द त्यात हमखास असतात. मग तास सुरू होतो. वॉर्मअप, किक, काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, थोडी फाइट, शेवटी रांगेत उभं राहून नमस्कार. यात चारित्र्याचा तास नेमका कधी झाला, हे विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही. सराव केला की ते आपोआप अंगी येतं, अशी एक समजूत आहे. येत नाही. अप्रतिम काता करणारा आणि जोडीदाराचा हात मुद्दाम जास्त पिरगाळणारा, अशी दोन माणसं एकाच गणवेशात मी पाहिली आहेत.

चारित्र्य घडायचं असेल तर ते जोडीच्या सरावात घडतं, दुसऱ्याचं शरीर आपल्या हातात असतं त्या काही सेकंदांत. शपथा, नमस्कार, बेल्ट हे सगळं त्या सेकंदांची तयारी म्हणून उपयोगाचं. खालच्या पायऱ्या मुख्यतः शिकवणाऱ्यांसाठी लिहिल्या आहेत, पण शिकणाऱ्यांनीही वाचाव्यात. उद्या तेच शिकवणार आहेत.

पायरी १: शब्द थोडे ठेवा, पण मुळापर्यंत जा

कराटेच्या शोतोकान या शैलीच्या दोजो-कुनमध्ये, म्हणजे तासाला म्हटल्या जाणाऱ्या नियमांत, पाच कलमं आहेत. प्रत्येक कलमाची सुरुवात 'हितोत्सु' म्हणजे 'एक' या शब्दाने होते. एक, एक, एक, पाचही वेळा. दुसऱ्या क्रमांकाचं कलम नाहीच. शेवटच्या कलमाचं भाषांतर बहुतेक ठिकाणी 'हिंसक वर्तन टाळा' असं करतात. मूळ शब्द आहेत 'केक्कि नो यू': रक्त उसळलं की अंगात येतं ते शौर्य. त्याला आवर घाला, असं ते कलम सांगतं. मला हा मूळ अर्थ जास्त कामाचा वाटतो. कोणताही मुलगा स्वतःला हिंसक समजत नाही. पण 'तेव्हा माझं डोकं फिरलं होतं' हे त्याला लगेच पटतं.

तायक्वांदोच्या पाच तत्त्वांमधलं दुसरं आहे 'योमची'. भाषांतरात त्याचा 'प्रामाणिकपणा' झाला, पण कोरियन शब्दात लाजेची छटा आहे. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: चाड. जनाची नाही तर मनाची, ती हीच. चिनी परंपरेत युद्धकलेच्या नीतीला 'वूदे' म्हणतात. त्यातलं 'वू' हे अक्षर 'थांबवणं' आणि 'भाला' या दोन चिन्हांचं बनलं आहे, म्हणून युद्धकला म्हणजे भाला थांबवणं, असं परंपरा सांगते. लिपीचे अभ्यासक म्हणतात की ते पहिलं चिन्ह मुळात पावलाचं आहे, म्हणजे भाला घेऊन चालणं. दोन्ही अर्थ मुलांना सांगा आणि त्यांनाच वाद घालू द्या.

प्रत्यक्षात करायचं असं. महिन्याला एकच शब्द घ्या. पहिल्या दिवशी त्याचा अर्थ पाच मिनिटांत सांगा, व्याख्यान देऊ नका. पुढच्या प्रत्येक तासाच्या शेवटी एकच प्रश्न: आज हा शब्द तुम्हाला कोणाच्या वागण्यात दिसला? स्वतःचं नाव घ्यायचं नाही. 'तू आज काय चांगलं केलंस' असं विचारलं की मुलं गोष्टी रचतात. दुसऱ्याचं सांगायचं असलं की तासभर एकमेकांकडे बघतात, आणि आपल्याला तेच हवं असतं.

पायरी २: जोडीदार

ही पायरी सगळ्यात मोठी आहे, कारण बाकीच्या जवळजवळ सगळ्या हिच्यातूनच निघतात.

१८८२ साली ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी तोक्योतल्या एका बौद्ध मंदिराच्या आवारात कोदोकान ही आपली शाळा सुरू केली. जुन्या जुजुत्सुतले डाव त्यांनी घेतले, पण 'जुत्सु' म्हणजे तंत्र हा शब्द टाकून 'दो' म्हणजे मार्ग हा शब्द घेतला. पुढे त्यांनी ज्युदोचं सार दोन सूत्रांत मांडलं. एक 'सेइर्योकु झेन्यो', शक्तीचा उत्तम उपयोग. दुसरं 'जिता क्योएई', आपली आणि दुसऱ्याची एकत्र भरभराट. हे दुसरं सूत्र ऐकायला सुविचारासारखं गोड वाटतं. पण ज्युदोत तो रोखठोक हिशेब आहे. फेकण्याचा सराव करायला पडणारा माणूस लागतो. त्याला आज मोडलंत, तर उद्या सराव कोणाबरोबर करणार?

म्हणून माझ्या वर्गात पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगतो: जोडीदाराचं शरीर उसनं घेतलेलं आहे, घेतलं तसं परत करायचं. या वाक्याखाली नियम येतात.

पहिला नियम टॅपचा, म्हणजे 'हरलो, सोड' असं सांगणाऱ्या थापेचा किंवा शब्दाचा. हाताने, पायाने किंवा तोंडाने, कसाही टॅप आला तरी त्याच क्षणी सोडायचं. टॅप झाला की नुसतं अंग हललं, अशी शंका आली तरी आधी सोडायचं, विचारायचं नंतर. ही शिस्त का, हेही सांगा. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर माणूस साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपतो. गुडघा पिरगाळणाऱ्या पकडींमध्ये वेदना उशिरा कळते आणि इजा आधी होऊन गेलेली असते. तिथे टॅपची वाट बघणं हाच गुन्हा आहे. पकड बसली, तिची जाणीव दिली, थांबला, एवढं पुरे.

टॅप करणाऱ्यालाही शिकवावं लागतं. लाजेने टॅप न करणारी मुलं फार असतात. त्यांना सांगून उपयोग होत नाही. तुम्ही स्वतः त्यांच्यासमोर एखाद्या नवख्या विद्यार्थ्याला टॅप करून दाखवा. आठवड्यातून एकदा तरी.

दुसरा नियम वेगाचा. जोडीचा वेग कमी अनुभवी माणूस ठरवणार. फाइटच्या आधी दोघांनी एक ते दहामधला आकडा सांगायचा. एकाने तीन म्हटलं, दुसऱ्याने सात, तर फाइट तीनवर होणार. वाटाघाट नाही. मोठ्या बेल्टच्या मुलांना हे सुरुवातीला फार जड जातं, कारण तीनवर खेळताना तंत्र उघडं पडतं. जोर काढून घेतला की काय उरतं, ते त्यांनाही दिसतं आणि बघणाऱ्यांनाही.

तिसरा नियम लागल्यानंतरचा. हातून कोणाला लागलं तर नुसतं 'सॉरी' म्हणून पुढच्या जोडीदाराकडे वळायचं नाही. थांबायचं, खाली बसायचं, कुठे लागलं ते विचारायचं, सरांना बोलवायचं. दुसऱ्या दिवशी चौकशी करायची. डोक्याला मार बसला असेल तर त्या दिवसाचा सराव संपला, मग विद्यार्थी कितीही 'मी ठीक आहे' म्हणो. चक्कर, उलटी, गोंधळलेलं बोलणं यातलं काहीही दिसलं तर थेट डॉक्टरकडे, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय फाइट नाही. जपानमधल्या शाळांच्या ज्युदोत १९८३ ते २०११ या काळात ११८ मुलं दगावली, त्यात डोक्याच्या इजा ठळक होत्या. 'चल ऊठ, मर्द बन' हे वाक्य म्हणूनच मला वर्गात ऐकायचंही नसतं.

माझीच एक गोष्ट सांगतो. मधल्या बेल्टवर असताना एका संध्याकाळी एका मुलाने मला तीनदा फेकलं. चौथ्या वेळी त्याचा हात माझ्या हाती आला. त्याने टॅप केलं आणि मी अर्धा सेकंद उशिरा सोडलं. नेमका अर्धा सेकंद, आणि तो मी मोजून घेतला होता. तो म्हणाला, काही नाही झालं. मग दोन आठवडे आला नाही. सरांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. तो परत आला त्या दिवशी त्यांनी फक्त एवढं सांगितलं, "पुढचा महिनाभर तू याचाच जोडीदार. फेकणार तो. तू पडायचं." महिनाभर पडलो. शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावल्या असत्या तर आठवड्यात विसरलो असतो. तेव्हापासून माझ्या वर्गात मी हेच करतो: ज्याचं नुकसान केलं, भरपाई त्याच्याच कामी यावी.

पायरी ३: राग ओळखायला शिकवा

रागावू नका, असं सांगणं निरर्थक आहे. तोंडावर ठोसा बसला की राग येणारच. शिकवायचं ते राग येताना शरीरात काय होतं हे. श्वास अडकतो, जबडा आवळतो, मूठ गरजेपेक्षा घट्ट होते, नजर एका जागी खिळते. मुलांना यातली आपापली खूण शोधायला लावा. मग नियम करा: ती खूण जाणवली की हात वर करायचा, फाइट थांबते, कारण विचारलं जात नाही. तीन श्वास, आणि पुन्हा सुरुवात.

आणखी एक गोष्ट शिकवणाऱ्याने ध्यानात ठेवावी. आपण दिलेला ठोसा आपल्याला हलका वाटतो, खाल्लेला जड. दोघेही प्रामाणिकपणे 'मी तेवढाच मारला' असं म्हणत असतात आणि दर फेरीला जोर चढत जातो. त्यामुळे दोष कोणाचा, याचा निवाडा करत बसू नका. आवाज वाढला की थांबवा, आकडा खाली आणा. तोच प्रकार पुन्हा झाला तर जोडी बदला.

पायरी ४: नमस्काराचा अर्थ

याबद्दल लोक फार लिहितात, मी थोडक्यात आटोपतो. कराटेची सुरुवात नमस्काराने आणि शेवटही नमस्काराने, ही शिकवण शोतोकानचे प्रवर्तक फुनाकोशी गिचिन यांची. वाकण्यात जादू काही नाही. ते वचन आहे: पुढच्या दोन मिनिटांत मी तुला सांभाळीन. हे एकदा समजावलं की मुलं डोळ्यांत बघून वाकतात. न समजावता वर्षानुवर्षं वाकवलं तर मानेचा व्यायाम होतो. कोणाला त्याच्या श्रद्धेमुळे वाकायला अडचण वाटत असेल तर हात मिळवू द्या. वचन दिलं गेल्याशी मतलब.

पायरी ५: धोकादायक डाव कोणाला आणि कधी

केरळच्या कळरीपयट्टूमध्ये मर्मस्थानांचं ज्ञान अगदी शेवटी, गुरूचा विश्वास बसल्यावरच देण्याची रीत आहे. परंपरेने तिथले गुरु मर्मावर उपचारही करतात, मोडलेलं बसवतात. जिथे इजा करायला शिकवतात तिथेच ती बरी करायलाही शिकवतात, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. हा क्रम आपणही पाळू शकतो. सांधा मोडणारी पकड शिकवायच्या आधी प्रथमोपचार आले पाहिजेत. गळा आवळण्याआधी शुद्ध हरपलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, मदत कधी बोलवायची, हे यायलाच हवं.

कोणाला शिकवायचं, याची कसोटी परीक्षेत लागत नाही. तो मुलगा लहान, अशक्त, नवख्या जोडीदाराशी तीन महिने कसा वागतो ते बघा. तुम्ही पाठ फिरवल्यावर कसा वागतो ते सहायक प्रशिक्षकाला बघायला सांगा. मन साशंक असेल तर थांबा, आणि का थांबवलं ते त्याला खाजगीत, स्पष्ट शब्दांत सांगा. कारण न सांगता ताटकळत ठेवणं म्हणजे नुसता अधिकार गाजवणं.

पायरी ६: बेल्ट

कानोंनी डानची, म्हणजे ब्लॅक बेल्टपासून पुढच्या श्रेणींची, पद्धत सुरू केली ती १८८३ च्या सुमारास. पहिल्या डानला 'शोदान' म्हणतात, आणि 'शो' म्हणजे आरंभ. आज ब्लॅक बेल्ट म्हणजे शिखर मानतात, मूळ शब्दात ती सुरुवात आहे.

बेल्टने माणसाची किंमत ठरत नाही, याला फुकुदा केइको यांच्याइतकं बोलकं उदाहरण नाही. त्या कानोंच्या थेट विद्यार्थिनी. १९५३ मध्ये त्या पाचव्या डानवर पोचल्या आणि सहावा डान मिळायला १९७२ उजाडलं, कारण स्त्रियांसाठी तिथेच वाट बंद होती. त्या शिकवत राहिल्या. २०११ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेने त्यांना दहावा डान दिला. त्या मधल्या वीसेक वर्षांत त्यांचं ज्युदो काही अडलेलं नव्हतं. मुलांना ही गोष्ट सांगाच, पण शिकवणाऱ्यांनी तिची दुसरी बाजूही बघावी: संस्था अन्याय करू शकते आणि त्याला 'परंपरा' म्हणू शकते.

परीक्षेसाठी तीन व्यवहारी सूचना. निकष आधी लेखी द्या. जोडीदारांचं मत विचारा, 'याच्याशी सराव करताना सुरक्षित वाटतं का?' हा एकच प्रश्न. आणि नापास करायची हिंमत ठेवा. सगळेच पास होत असतील तर प्रामाणिकपणावरचं तुमचं भाषण मुलांना पोकळ वाटणारच.

पायरी ७: स्पर्धा

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ज्युदोच्या खुल्या गटाचा अंतिम सामना जपानचा यामाशिता यासुहिरो आणि इजिप्तचा मोहम्मद अली रशवान यांच्यात झाला. यामाशिताच्या उजव्या पोटरीला आधीच्या सामन्यात दुखापत झाली होती, तो लंगडत मॅटवर आला. रशवान हरला. त्या दुखऱ्या पायाचा फायदा घ्यायचा नाही असं आपण ठरवलं होतं, असं त्याने नंतर सांगितलं, आणि या वागण्यासाठी त्याला फेअर प्लेचा सन्मान मिळाला. ही गोष्ट वर्गात सांगून थांबू नका, प्रश्न विचारा: तुम्ही काय केलं असतं? प्रतिस्पर्ध्याने स्वतःहून लढायचं ठरवलं असताना त्याचा पाय वगळणं हा त्याचा अपमान नाही का? इथे सरळ उत्तर नाही, मलाही सापडलेलं नाही. पण ज्याने आधी विचार केलाय, तो ऐन वेळी निदान गांगरत नाही.

मुलांच्या स्पर्धांबाबत मात्र मी ठाम आहे: उशिरा, आणि कमी. जपानच्या ज्युदो महासंघाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची वैयक्तिक राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. कारण दिलं ते जिंकण्याच्या अतिरेकाचं. मोठ्यांचा हट्ट मुलांच्या अंगावर येत होता. स्पर्धेला नेणारच असाल तर निघण्याआधी पालकांना बाजूला घ्या. पंचांवर ओरडायचं नाही, घरी परतताना सामन्याचं विश्लेषण करायचं नाही. मूल स्वतः बोललं तर ऐकायचं.

पायरी ८: वर्गाबाहेर

'कराटे नि सेन्ते नाशी', कराटेत पहिला वार नसतो. कामाकुराच्या एंगाकुजी मंदिरातल्या फुनाकोशींच्या स्मारकावर हे वाक्य कोरलेलं आहे. मुलांना हे पाठ असतं, पण शाळेच्या मागच्या बाजूला कोणी कॉलर धरली तर काय करायचं, हे माहीत नसतं. तेव्हा त्याचाही सराव घ्या, किकइतकाच गंभीरपणे. मागे सरकणं, तळवे उघडे ठेवून हात वर धरणं, मोठ्याने 'मला भांडायचं नाही' म्हणणं, बाहेर पडायची वाट शोधणं, पळणं, मोठ्यांना सांगणं. पळण्याची रंगीत तालीम घेतली की मुलं हसतात. हसू द्या. चार वेळा केल्यावर पळणं त्यांना लाजिरवाणं वाटत नाही. पर्यायच उरला नाही तर स्वतःला सोडवण्यापुरतं बळ वापरायचं आणि धोका टळताच थांबायचं.

पायरी ९: शिकवणाऱ्याने स्वतःला बांधून घ्यावं

२०१३ च्या जानेवारीत उघड झालं की जपानच्या महिला ज्युदो संघातल्या १५ खेळाडूंनी प्रशिक्षकांकडून होणाऱ्या मारहाणीची आणि छळाची तक्रार केली होती. मुख्य प्रशिक्षकाला पद सोडावं लागलं. ज्या कलेचं सूत्रच 'एकत्र भरभराट', तिच्या सर्वोच्च पातळीवर हे चालू होतं. सूत्र भिंतीवर असून भागत नाही, सरांवर कोणाचा तरी वचक लागतो.

म्हणून नियम लिहा, सहीनिशी पालकांना द्या, आणि ते तुमच्यावरच असू द्या. एकट्या विद्यार्थ्याबरोबर बंद दाराआड सराव नाही. अल्पवयीन मुलांशी खाजगी मेसेज नाहीत, जे असेल ते पालकांच्या ग्रुपवर. हात लावून डाव दुरुस्त करायचा असेल तर आधी विचारायचं आणि 'नको' म्हटलं तर तोंडाने सांगायचं. विद्यार्थ्यांशी प्रेमसंबंध नाहीत. शिक्षा म्हणून कोणाला ताकदवान मुलासमोर फाइटला उभं करायचं नाही. तक्रार घेणारी व्यक्ती तुम्ही सोडून दुसरी कोणीतरी, आणि तिचा नंबर प्रत्येक घरात.

आदर आणि आज्ञाधारकपणा यांची गल्लत इथेच होते. जो विद्यार्थी 'सर, हे मला करायचं नाही' असं तुमच्या तोंडावर म्हणू शकतो, तोच बाहेरही नको त्या माणसाला नकार देऊ शकेल. असं कोणी म्हणालं की सगळ्यांसमोर त्याचं ऐका. आणि तुम्ही चुकलात तर माफी मागा, ती ज्यांच्यासमोर चुकलात त्यांच्यासमोर. मी एकदा एका मुलीवर विनाकारण ओरडलो, तासानंतर तिला बाजूला घेऊन माफी मागितली आणि मोठेपणा केल्यासारखा घरी गेलो. दुसऱ्या दिवशी माझा सहायक म्हणाला, "ओरडताना चाळीस जण होते, सर." त्या दिवशी रांगेसमोर पुन्हा मागितली.

पालकांसाठी शेवटची सूचना. मुलाला घालण्याआधी एक पूर्ण तास कोपऱ्यात बसून बघा. बसू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. ट्रॉफ्यांचं कपाट बघू नका. वर्गातला सगळ्यात अशक्त मुलगा कोणता ते हेरा आणि फाइटच्या वेळी त्याची जोडी कोणाशी लावतात, तो जोडीदार त्याच्याशी कसा खेळतो, आणि सर त्या वेळी कुठे बघत असतात, तेवढंच बघा.